गप्प राहण्यापुरती जागा

"कुमुदताई, हे रान समुद्रात कसं गेलं?"

सारंगने विचारलं आणि मला उत्तर देता येईना, कारण दहा वाजायचे होते.

पहाटेची पूजा, तुळशीला पाणी, थोडं नामस्मरण आणि तिथून दहा वाजेपर्यंत मौन, हा माझा रोजचा नेम. ऑफिस नऊला उघडायचं. त्या तासाभरात कुणी काही विचारलं तर मी पाठकोऱ्या कागदावर दोन शब्द लिहायची. संस्थेतल्या माणसांना त्याची सवय झाली होती. सारंग टिळेकर पुण्याहून नुकताच आलेला, त्याला अजून झाली नव्हती. मी कागदावर "थांब" लिहिलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून स्क्रीन माझ्याकडे वळवला.

सिंधुदुर्गाचा नकाशा होता. त्यावर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक देवराई. सगळे ठिपके जमिनीवर, आणि एक वेंगुर्ल्याच्या पुढे, निळ्याशार पाण्यात.

"आणि हा बघा," त्याने बोट ठेवलं. "हा कुडाळच्या एसटी स्टँडवर आहे. तिथे काय, कंडक्टर पूजा करतो?"

मला हसू आलं, पण त्याला आलं नव्हतं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. लहानपणी काही हरवलं की आई आम्हा भावंडांकडे तसं बघायची.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमची संस्था लहानशी, सावंतवाडीत एका जुन्या दवाखान्याच्या माडीवर. रेगे सर कॉलेजातून निवृत्त झालेले, वनस्पतींचे जाणकार. देवराया जपल्या जाव्यात म्हणून त्यांनी ही संस्था काढली. मी तिथे ग्रंथपाल. देवरायांची सगळी माहिती एका वेबसाइटवर आणायची असं ठरलं, तेव्हा सरांनी सारंगला बोलावलं आणि त्याच्याबरोबर मला बसवलं.

सारंगने निवडलेलं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगभरच्या माणसांनी मिळून ते बांधलं होतं. कुणीही उघडून बघावं, हवं तसं बदलावं, बदललेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. मला ते अन्नछत्रासारखं वाटलं आणि पहिल्याच दिवशी आवडलं. माहिती भरण्याआधी तिची घडण करावी लागते, हे त्याने मला शिकवलं. देवराई म्हणजे काय काय? नाव, गाव, देवता, मानकरी, झाडं, कथा. प्रत्येकासाठी वेगळा रकाना.

"सातेरी चार गावांत आहे ना? मग चारदा लिहायची नाही," तो म्हणायचा. "देवी एकदाच लिहायची आणि चारही रानं तिच्याशी जोडायची."

"म्हणजे देवी एक आणि तिची ठाणी अनेक."

"बरोबर. तुम्हाला हे पुण्यातल्या पोरांपेक्षा लवकर कळतं."

पूजेच्या तबकात हळद हळदीच्या जागी आणि अक्षता अक्षतांच्या जागी असल्या की मला बरं वाटतं. तसंच ते काम होतं. काही रकाने रिकामे सोडता यायचे. काहींपुढे लाल फुली असायची. ते भरल्याशिवाय नोंद साठवलीच जायची नाही. नावापुढे फुली होती, गावापुढे होती, आणि नकाशावरच्या स्थानापुढेही होती.

स्थानापुढे ती का, असं मी एकदा विचारलं होतं. "सरांनी सांगितलंय, हवीच," एवढं म्हणून सारंगने विषय बदलला होता.

दहाचे ठोके पडले. मी म्हटलं, "गावकऱ्यांनी फोनवरून आपापलं स्थान पाठवलं, त्यातले आकडे मी उतरवले. नकाशा तर तू काल चढवलास. आकड्यांवरून समुद्र कसा कळणार?"

"नोंद तुमच्या नावावर आहे, ताई."

"आणि नोंद बदलण्याची किल्ली तुझ्याकडे आहे."

मी आवाज चढवत नाही. माझा आवाज मुळातच लहान आहे. पण बोलले ते जिव्हारी लागलं असावं. तो उठला, बाहेर फणसाखाली गेला आणि कुणाला तरी फोन लावला. मी खिडकीशी गेले तर त्याने पाठ फिरवली.

त्याआधीही दोनदा मी त्याला असाच फणसाखाली पाहिलं होतं. मी खोलीत शिरले की स्क्रीनवरचं काहीतरी बंद करायचा. पुण्याचा मुलगा, हुशार, कुणाशी फारसं बोलणं नाही, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक देवराईचा पत्ता त्याच्या बोटांखाली. माणसाच्या मनात एकदा किडा शिरला की तो काय काय कुरतडतो! संध्याकाळी जपाला बसले तरी मण्यांमागून तो फणस दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा नीट पाहिला. समुद्रातलं आणि स्टँडवरचं रान वेडंवाकडं पडलेलं होतं, कुणाच्याही डोळ्यांत भरलं असतं. आंबेखोलचं तसं नव्हतं. ते जमिनीवर होतं, आंबेखोल गावाच्या हद्दीत होतं, आणि तरी चुकीचं होतं. आंबेखोलच्या सातेरीचं रान म्हणजे भर दुपारी अंधार, आत बारमाही झरा, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ठिपका होता उघड्या सड्यावर. कातळ आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही.

ते रान मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. गावाबाहेरच्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्याच्या मालकीच्या कागदावर देवीचं नाव नव्हतं. गावाकडे दाखवायला काहीच नव्हतं. वरून, उपग्रहातून बघावं तर सगळा डोंगर हिरवाच. रान वाचलं होतं ते कुणाला सापडत नव्हतं म्हणून. आणि कोकणात तेव्हा बारमाही पाण्याच्या शोधात हॉटेलवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या.

दहा वाजल्यावर मी सारंगला म्हटलं, "आंबेखोलला जाऊन बघू या."

"मीही तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही.

त्याच्या मोटारसायकलवर मी पदर खोचून बसले. वाटेत एका टपरीवर त्याने चहा घेतला. माझा उपास होता. मी पाणी घेतलं.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"हे मौन कशासाठी? म्हणजे... सकाळी काही विचारलं की तुम्ही गप्प. मला वाटतं, काहीतरी टाळताय."

"तरुणपणी मला खोटं न बोलण्याचा नेम धरायचा होता," मी म्हटलं. "एक आठवडाही जमलं नाही. शेजारीण विचारते, भाजी कशी झालीय? काय सांगणार? मग आमच्या गुरुजींनी सांगितलं, जेवढं झेपेल तेवढं घे. तेव्हापासून थोडा वेळ बोलायचंच नाही. तेवढा वेळ तरी खोटं होत नाही."

तो ग्लास हातात फिरवत राहिला. "म्हणजे दहानंतर बोलता?"

"दहानंतर भाजी चांगली झालेली असते."

तो हसला. पण लगेच गप्प झाला, जणू माझ्याबरोबर हसायचं नव्हतं.

सड्यावर ऊन तापलं होतं. सारंग फोन समोर धरून चालत होता, मी त्याच्या मागे. दूरवर झाड म्हणून नव्हतं. मग तो थांबला, इतका अचानक की मी त्याच्यावर आदळणार होते.

कातळाच्या भेगांमध्ये चार लाकडी खुंट ठोकले होते. नवे, तासलेले, आणि प्रत्येकाला लाल फीत. बाजूला गाडीच्या चाकांखाली चिरडलेलं गवत. सारंग चालत चालत चारही खुंटांच्या मधोमध गेला, फोनकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथेच. आपल्या नोंदीतली जागा. बरोब्बर इथे."

वारा सुटला होता. फिती फडफडत होत्या.

"वेबसाइट अजून उघडलेली नाही," मी म्हटलं. "मग हे कुणाला कळलं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

"मला?"

"नोंदी तुम्ही भरता, ताई. गावं तुमच्या ओळखीची. सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी तुम्ही असता, विचारलं तर बोलत नाही. मी रोज पुण्याच्या मित्राला फोन करून विचारतोय, नोंदींमध्ये कुणी फिरवाफिरवी केली तर ती कशी ओळखायची!"

"तो फोन त्यासाठी?"

"मग कशासाठी वाटला तुम्हाला?"

मला काय वाटलं होतं ते त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघं त्या चार खुंटांच्या मधे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. रडावं की हसावं ते कळेना.

"कोण ता? हय काय करतास?"

खालच्या पायवाटेने भिवा गावडे वर येत होते. आंबेखोलचे गावकार, देवीचे पहिले मानकरी. डोक्याला पंचा, खांद्यावर कोयती. मला ओळखून थांबले.

"तुमी काय गो, बाय? माका वाटला, परत ते गाडयेवाले इले."

"कुठले गाडीवाले, काका?"

"कोणाक ठावक? सायबासारके कपडे. मशीन लावून बघी होते. मी म्हटलंय, हय जांब्याचो चिरो काढलास तर कुजको असा, कोण घेणा नाय. तर म्हणतत, आमका चिरो नको, झरो खंय असा?" ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "सड्यार झरो शोधतत!"

सारंगने फोन पुढे केला. "काका, ही जागा तुम्हीच पाठवलीत? सातेरीचं रान म्हणून?"

"हो. नातवाक सांगलंय, जंय गवताबिगर काय नाय, थंय जा, उभो रव आणि धाड."

"पण का? रान इथे नाही!"

"नायच."

"मग सरळ सांगायचं, पत्ता देणार नाही!"

"सांगललंय रे, झिला." भिवाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाय म्हणाली, थंय लाल फुली असा. भरल्याबिगर देवीचा नाव पुढे जाऊचा नाय. माका देवीचा नाव जाऊक होया होता. झाडां, तिची कथा, माझ्या आजयेची गाणी, सगळा जाऊक होया होता. पण देवीचो पत्तो सांगूचो नाय, ह्यो माझ्या बापाशीन घालून दिललो नेम. मगे करतलंय काय? खोटा बोलाक माका हौस नाय, बाय. पण तुमच्या यंत्रात गप रवाक जागाच नाय."

मी तसं म्हटलं होतं, आणि विसरूनही गेले होते. सारंग खाली कातळावर बसला. त्याने एका खुंटाची फीत बोटात धरली.

"ताई," तो म्हणाला, "नोंदी बघायची किल्ली चौघांकडे आहे. तुम्ही, मी, रेगे सर, आणि..."

"आणि?"

"मोरजकर साहेब. सर म्हणाले, देणगीदार आहेत, काम कसं चाललंय ते बघू देत. स्थानापुढे लाल फुली हवी, हाही त्यांचाच आग्रह. नकाशाशिवाय लोक बघत नाहीत, म्हणाले."

मोरजकर साहेबांची हॉटेलं होती. हसतमुख गृहस्थ, संस्थेत आले की आधी रेगे सरांच्या पाया पडायचे. मी पूजा करते हे कळल्यावर त्यांनी मला गोव्याहून सोनचाफ्याची फुलं पाठवली होती. खुंट त्यांच्या माणसांनी ठोकले की आणखी कुणी, ते मला तेव्हाही सिद्ध करता आलं नसतं आणि आजही येणार नाही.

संध्याकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मला वाटलं, त्यांचं झाडांवर प्रेम आहे."

"असेलही, सर," मी म्हटलं.

"मग काय करायचं? पत्ता झाकून ठेवू. फक्त आपल्याला दिसेल असा."

"ते दोन मिनिटांचं काम आहे," सारंग म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "झाकलेलं उघडता येतं. आज किल्ली चौघांकडे आहे, उद्या पाचव्याकडे जाईल. तो पत्ता आपल्याकडे नसलेलाच बरा."

"पण कुमुदबाई, रिकामा रकाना म्हणजे काम अर्धवट राहिलं असं दिसतं. आम्ही विचारायला विसरलो, असं."

त्यावर सुचलं ते सारंगला. तो एकदम पुढे सरकला.

"सर, माहीत नसणं वेगळं आणि सांगायचं नसणं वेगळं. आपण घडण करताना दोन्ही एकच धरलं, तिथे चुकलं. फुली काढतो आणि एक नवीन खूण घालतो: 'गावाने स्थान सांगितलेलं नाही.' ती केली की नोंद पूर्ण. अर्धवट नाही. तेच त्याचं उत्तर."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "हा तुमच्या नादाला लागला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "करा."

पुढचे काही दिवस आम्ही गावोगावच्या मानकऱ्यांना पुन्हा फोन केले. जागा सांगितली नाही तरी चालेल, एवढंच म्हटलं. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू यायचा. रान समुद्रात टाकणारे आजोबा तर खो खो हसले. "मुद्दाम बुडयलंय. थंय कोण जातलो?" कितीतरी ठिपके नकाशावरून गेले. काहींनी मात्र उलट आपणहून खरं स्थान पाठवलं. त्यांच्या रानापर्यंत डांबरी रस्ता होता, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आंबेखोलची नोंद मी भिवाकाकांच्या घरी, त्यांच्या समोर बसून दुरुस्त केली. सड्यावरचे आकडे पुसले, जुन्या प्रतींतूनही सारंगने काढून टाकले, नवीन खूण केली आणि नोंद साठवली. ती साठवली गेली. काका स्क्रीनकडे बघत होते. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण लाल फुली नाही हे दिसत होतं.

"झाला?"

"झालं, काका."

ते उठले. "चला मगे. चपला हय काढा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "मला? बाहेरच्या माणसाला?"

"तुमी गप रवतास," ते म्हणाले. "सारंगा, तूय चल."

सारंग ओट्यावर बसला होता. त्याने मान हलवली. "मी नाही येत, काका. मला ठाऊक नसलेलंच बरं. मी इथे चपला राखतो."

आम्ही किती चाललो, कोणत्या दिशेने, हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की एका जागी पायाखालची वाट थंड झाली. मग पाण्याचा आवाज आला. देवीला मूर्ती नव्हती, वारूळ होतं, माझ्याहून उंच. मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत. तिथे मात्र हात जोडायचे राहून गेले. नुसती उभी राहिले. निघताना केसांत एक पान अडकलं होतं. भिवाकाकांनी ते काढून परत तिथेच ठेवलं.

वेबसाइटचं उद्घाटन रेगे सरांनी संस्थेच्या माडीवरच केलं. खुर्च्या कमी पडल्या. मोरजकर साहेब पहिल्या रांगेत होते, सोनचाफ्याचा हार घेऊन आलेले. भाषणं झाली, नारळ फुटला, सारंगने पडद्यावर एकेक पान उघडून दाखवलं. आंबेखोलचं पान आलं: सातेरी, तिच्याशी जोडलेली बाकीची तीन रानं, झाडांची नावं, काकांच्या आजीच्या गाण्यांचा आवाज. आणि शेवटी: गावाने स्थान सांगितलेलं नाही.

लोक पांगू लागले तसे मोरजकर साहेब सरांजवळ आले. चेहरा हसराच होता.

"सर, नकाशा जरा विरळ वाटतो. आंबेखोलची तर नोंद होती, मी पाहिली होती."

"ती चुकीची निघाली," सर म्हणाले. आणि मग, बिचारे सरळ माणूस, म्हणाले, "कुमुदबाई स्वतः जाऊन आल्या ना तिथे."

साहेब माझ्याकडे वळले. दोन पावलं जवळ आले. आवाज अगदी मऊ केला.

"अरे वा! मग तुम्हाला रान ठाऊक असणार, बाई. कुठल्या बाजूला आहे? नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"विचारतोय ते सहजच. दर्शनाला जावं म्हणतो."

मी पाहतच राहिले. सारंग पडद्याची वायर गुंडाळत होता, तो मधे आला.

"साहेब, ताईंचं मौन असतं."

"हो का? मला माहीत नव्हतं. किती वाजेपर्यंत?"

सारंगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ते... ते त्यांनाच विचारावं लागेल," तो म्हणाला.

साहेब थांबले. खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवून गेली. ते हसत होते, वाट बघत होते, आणि त्यांच्या मागे घड्याळाचे दोन्ही काटे बारावर येऊन बसले होते.

मी हात जोडले.